डासांचे विषाणू आणि पांढऱ्या पेशींची बदलती घडण

पावसाळा सरत आला की महाराष्ट्रातल्या घराघरांत एकच आकडा विचारला जातो, प्लेटलेट किती? सकाळी नव्वद हजार, संध्याकाळी सत्तर. नातेवाइकांचे सगळे लक्ष त्या एका रकान्यावर खिळलेले असते. त्याच अहवालाच्या तळाशी, काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात काय दिसले ते सांगणारी एक ओळ असते : ‘ॲटिपिकल लिम्फोसाइट आढळतात.’ ही ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. जे वाचतात ते धास्तावतात, कारण पेशी ‘वेगळ्या’ दिसणे म्हणजे रक्ताचा कर्करोग, असे कुठेतरी कानावर पडलेले असते. खरे तर शरीराच्या संरक्षण व्यवस्थेत काय उलथापालथ चालली आहे, याची खूण त्या ओळीत आहे.

ती पेशी जवळून पाहण्यासारखी असते. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून लिशमन रंगाने रंगवला आणि तेलाचा थेंब टाकून सर्वांत मोठ्या भिंगाखाली धरला, तर निरोगी लिम्फोसाइट लहान आणि सुबक दिसते. व्यास सात ते दहा मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या पेशीएवढा किंवा थोडा जास्त. गर्द जांभळे केंद्रक जवळजवळ सगळी जागा व्यापून बसलेले असते आणि भोवती फिकट निळ्या पेशीद्रवाची बारीक कड असते. डेंग्यूच्या पाचव्या-सहाव्या दिवसाच्या रक्तात मात्र हिचेच एक भावंड भेटते. ती आकाराने दुप्पट असते. केंद्रक एका बाजूला सरकलेले, पेशीद्रव भरपूर आणि शाईसारखा निळा, आणि केंद्रकाला लागून एक फिकट चंद्रकोर. निळा रंग येतो तो आरएनए या रेणूमुळे. प्रथिने बनवणारी आंतर्द्रव्यजालिका पेशीभर फोफावलेली असते आणि तिच्यावर रायबोसोम दाटीने बसलेले असतात. फिकट चंद्रकोरीच्या जागी गॉल्गी पिंड असतो, तयार प्रतिपिंडे बांधून बाहेर पाठवणारा. थोडक्यात, ही प्रतिपिंडांचे उत्पादन जोरात सुरू असलेली पेशी आहे. 2012 साली थायलंडमधील रुग्णांच्या रक्तावर झालेल्या अभ्यासात, ताप सुरू झाल्यापासून सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या लिम्फोसाइट, यांपैकी सरासरी 47 टक्के पेशी या रूपात गेलेल्या आढळल्या. एरवी हे प्रमाण अगदी नगण्य असते.

म्हणजे भिंगाखाली जे ‘बिघडलेले’ दिसले ते बिघाड नव्हतेच. विषाणूने या पेशीला हातही लावलेला नसण्याची शक्यता दाट असते. तिने आपले काम करण्यासाठी आपली घडण बदलली आहे.

डासांमार्फत पसरणारे विषाणू रोगप्रतिकारक पेशींची रचना बदलतात, हे विधान आता सर्रास वाचायला मिळते. विधान खोटे नाही, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. काही बदल विषाणू पेशीच्या आत शिरून स्वतः घडवतो. काही बदल विषाणू न शिरलेल्या शेजारच्या पेशींत होतात, संसर्ग झालेल्या पेशींनी सोडलेल्या रासायनिक निरोपांमुळे. आणि काही बदल म्हणजे पेशीचे नेमून दिलेले कामच असते. पहिल्या प्रकारावर औषध शोधता येते, दुसऱ्यावर कदाचित, आणि तिसरा बदल रोखणे म्हणजे रुग्णाचे नुकसान करणे. गेल्या पंचवीस वर्षांतले संशोधन वाचताना ही वर्गवारी सतत मनात ठेवावी लागते. संशोधक स्वतःही ती नेहमी ठेवत नाहीत, हे मला या क्षेत्रातले मोठे न्यून वाटते.

सुरुवात त्वचेपासून होते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी रक्त शोधताना सोंड त्वचेत फिरवते, तेव्हा लाळेबरोबर विषाणूही सोडते, आणि त्यातला बराचसा थेट रक्तात न जाता त्वचेतच राहतो. त्वचेत लँगरहान्स पेशी आणि डेंड्रिटिक पेशी पसरलेल्या असतात. लांब फांद्या पसरून आजूबाजूचे चाचपणे, सापडलेला परका तुकडा गिळणे आणि लसिका ग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवणे हे त्यांचे काम. 2000 साली असे दाखवून देण्यात आले की माणसाच्या त्वचेतल्या नेमक्या याच पेशी डेंग्यूच्या पहिल्या भक्ष्य ठरतात. तीन वर्षांनी दाराचीही ओळख पटली. डेंड्रिटिक पेशींच्या पृष्ठभागावर डीसी-साइन नावाचे प्रथिन असते, ते विषाणूच्या कवचावरील शर्करा पकडते. डासाच्या पेशीत तयार झालेल्या विषाणूवर या शर्करा विशेष सोयीच्या रूपात असतात. पहारेकऱ्याने तपासणीसाठी हात पुढे करावा आणि पाहुण्याने तोच धरून आत यावे, असा हा प्रवेश.

इथेच पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातला फरक स्पष्ट दिसतो. 2005 साली प्रयोगशाळेत एकाच बशीतल्या डेंड्रिटिक पेशी दोन गटांत वेगळ्या करून पाहिल्या गेल्या : ज्यांच्या आत विषाणू आहे त्या, आणि ज्या नुसत्या शेजारी होत्या त्या. शेजारच्या पेशी परिपक्व झाल्या होत्या, टी पेशींना इशारा देणारी प्रथिने त्यांच्या पृष्ठभागावर आली होती. संसर्ग झालेल्या पेशी मात्र त्यात मागे राहिल्या होत्या. दोन्ही गट एकत्र मोजले असते तर ‘डेंग्यूमुळे डेंड्रिटिक पेशी जाग्या होतात’ असा निष्कर्ष निघाला असता. आकडा बरोबर आला असता, अर्थ मात्र उलटा लागला असता.

चावा घेतलेल्या जागी आणखीही हालचाल असते. मास्ट पेशी आपल्यातल्या कणिका फोडून रसायने बाहेर टाकतात. डेंग्यूत हे होते आणि रक्तवाहिन्या पाझरण्याशी त्याचा संबंध आहे, हे सिंगापूरमधील ड्यूक-एनयूएस संस्थेच्या कामातून पुढे आले. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात आणि त्यांच्यामागून विषाणूला मानवणाऱ्या मोनोसाइट येतात. 2016 साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात दिसले की डासाच्या चाव्याने आलेली ही सूज संसर्गाला मदतच करते. न्यूट्रोफिलना रोखले तर विषाणूचा फायदा कमी होतो.

आता पेशीच्या आतला भाग, जिथे या विषयातले सर्वांत भक्कम पुरावे आहेत.

डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल, पीतज्वर हे सगळे फ्लेविव्हायरस. त्यांची जनुकीय सामग्री म्हणजे सुमारे अकरा हजार अक्षरांचा एक आरएनए धागा. पेशीत शिरल्यावर त्याच्या प्रती काढायच्या असतात, आणि त्या उघड्यावर काढल्या तर पेशीतली धोक्याची यंत्रणा लगेच ओळखते. म्हणून विषाणू आडोसा उभा करतो. 2009 साली जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठातल्या राल्फ बार्टेनश्लागर यांच्या गटाने इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने डेंग्यू झालेल्या पेशीची त्रिमितीय रचना उभी केली. आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाला आतल्या बाजूने शेकडो खिसे पडलेले दिसले. प्रत्येक खिसा साधारण 90 नॅनोमीटरचा, आणि त्याचे तोंड जेमतेम 11 नॅनोमीटरचे. त्या तोंडातून कच्चा माल आत जातो, नवा आरएनए बाहेर येतो. काही खिशांच्या तोंडासमोरच, पलीकडच्या पटलावर, नवे विषाणू बांधले जात असलेलेही त्या चित्रांत सापडले. प्रती काढणे आणि बांधणी यांच्यात काही नॅनोमीटरचेच अंतर. हे चित्र पहिल्यांदा पाहताना विषाणूबद्दलची माझी कल्पनाच बदलली. विषाणू पेशी ‘फोडतो’ असे आपण म्हणतो, इथे तो पेशीत बांधकाम करत होता.

हे पटल वाकवण्याचे काम एनएस4ए आणि एनएस4बी ही विषाणूची प्रथिने करतात, पण एकट्याने नाही. आंतर्द्रव्यजालिकेला एरवी आकार देणारी पेशीची स्वतःची प्रथिनेही विषाणू कामाला लावतो. त्याला लागणारे मेद पेशीतल्या साठ्यातून येते. 2010 साली असे दिसले की डेंग्यू पेशीला स्वतःचे मेदाचे थेंब पचवायला लावतो आणि त्यातून मिळालेली ऊर्जा वापरतो. झिका त्याच्याही पुढे जातो. पेशीला आधार देणाऱ्या सूक्ष्मनलिका आणि मधले तंतू तो आपल्या कारखान्याभोवती पिंजऱ्यासारखे रचून घेतो. बार्टेनश्लागर यांच्याच गटाने 2017 मध्ये हे दाखवले, आणि सूक्ष्मनलिका स्थिर करणारे रसायन दिल्यावर विषाणूची वाढ घटते हेही. फरिदाबादमध्ये मंजुळा कालिया यांच्या गटाने जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर काम केले. हा विषाणू प्रती काढण्यासाठी जी पटले वापरतो त्यांच्यावर, एरवी पेशीच्या स्वभक्षणात वापरले जाणारे, एलसी3 हे प्रथिन त्या कामाबाहेरच्या रूपात असते, असे त्यातून दिसले.

चिकुनगुन्या वेगळ्या कुळातला, अल्फाव्हायरस. तो आंतर्द्रव्यजालिकेच्या वाटेला न जाता पेशीच्या बाह्य पटलालाच फुगे आणतो. या प्रत्येक फुग्याच्या मानेवर एनएसपी1 प्रथिनाचे बारा रेणू कडे करून बसतात, हे 2021 साली अणूंच्या पातळीवर स्पष्ट झाले. आफ्रिकेतला रिफ्ट व्हॅली तापाचा विषाणू आणखी चमत्कारिक. त्याचे एनएसएस प्रथिन पेशीच्या केंद्रकातच लांब तंतू विणते, आणि इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी इशाऱ्याचे प्रथिन बनवण्याची पेशीची क्षमता दाबून टाकते. हे तंतू 1970 च्या दशकापासून माहीत आहेत.

पण या सगळ्या सुंदर चित्रांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्यातली बहुतेक यकृताच्या कर्करोगापासून वाढवलेल्या पेशींत किंवा तशाच सोयीच्या वाणांत काढलेली आहेत. त्या पेशी पसरून बसतात, लवकर वाढतात, जवळजवळ सगळ्याच एकदम संसर्गित होतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाला सोयीच्या. रुग्णाच्या रक्तातली मोनोसाइट तशी नसते. ती गोल, फिरती, थोड्या दिवसांची पाहुणी असते, आणि हजारो पेशींतल्या काहींतच विषाणू सापडतो. 2018 साली कोलंबियातील रुग्णांच्या रक्तातली एकेक पेशी तपासून विषाणूचा आरएनए शोधला गेला, तेव्हा तो मोठ्या प्रमाणात बी पेशींशी निगडित निघाला. सगळ्यांचे लक्ष तोवर मोनोसाइटवर होते. तेव्हा ‘डेंग्यू रोगप्रतिकारक पेशीत असे खिसे पाडतो’ असे छातीठोकपणे लिहिण्याआधी, ते खिसे कोणत्या पेशीत पाहिले गेले हे विचारायलाच हवे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो मला या साऱ्या आढाव्यातला सर्वांत मोलाचा वाटतो. डेंग्यूचा विषाणू डीएनए बाळगत नाही. तरीही परका डीएनए ओळखून इशारा देणारी स्टिंग नावाची पेशीतली यंत्रणा त्याला नकोशी वाटते. 2012 साली न्यूयॉर्कमधील माउंट सिनाई येथील आना फर्नांडेझ-सेस्मा यांच्या गटाने, माणसाच्या रक्तापासून तयार केलेल्या डेंड्रिटिक पेशींतच, दाखवले की डेंग्यूची एनएस2बी3 ही कात्री स्टिंगचे तुकडे करते. का, याचे उत्तर पाच वर्षांनी मिळाले. संसर्गामुळे तंतुकणिकांचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचा, स्वतःचा डीएनए गळून पेशीद्रवात येतो आणि पेशी त्यावरून सावध होऊ शकते. विषाणू त्या डीएनएला ओळखणारे सीगॅस हे प्रथिनही नष्ट करवतो. म्हणजे आपल्याच कारवायांनी झालेला आवाज तो दोन ठिकाणी बंद करतो. उंदराच्या स्टिंगवर ही कात्री चालत नाही. धडधाकट उंदराला डेंग्यू सहज का होत नाही, याचा एक धागा इथे आहे. उंदरात मिळालेले निष्कर्ष माणसाला लावताना किती जपायला हवे, तेही यातून कळते.

तंतुकणिकांच्या आकाराबाबत मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. 2016 मध्ये असे प्रसिद्ध झाले की डेंग्यूचे एनएस4बी प्रथिन तंतुकणिका लांबवते, त्या एकमेकींना जोडल्या जातात, आंतर्द्रव्यजालिकेशी असलेले त्यांचे सांधे बिघडतात आणि इंटरफेरॉनचा इशारा मंदावतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटालाही लांबलेल्या तंतुकणिकाच दिसल्या. पण 2015 मध्ये एका गटाने सांगितले होते की विषाणूची तीच कात्री तंतुकणिका जोडणारी मायटोफ्युसिन प्रथिने तोडते, म्हणजे त्या जुळण्याऐवजी तुटायला हव्यात. दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात. पेशीचा प्रकार आणि संसर्गानंतरचा तास बदलला की चित्र बदलते. तंतुकणिकांची लांबी एकाच तासाला मोजून काढलेल्या निष्कर्षावर माझा तरी विश्वास बसत नाही.

प्रतिपिंडांमुळे बदलणारे पेशीचे दार हा डेंग्यूचा सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न. मोनोसाइट आणि महाभक्षक पेशींच्या पृष्ठभागावर एफसी ग्राही असतात, प्रतिपिंड चिकटलेला जंतू पकडून गिळण्यासाठी. डेंग्यूचे चार उपप्रकार आहेत. एका उपप्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याला चिकटतात पण निष्प्रभ करू शकत नाहीत. अशी जोडी एफसी ग्राहीतून आरामात आत जाते. स्कॉट हॉलस्टेड यांनी बँकॉकमधल्या मुलांच्या दुसऱ्या डेंग्यूच्या निरीक्षणांवरून हा विचार मांडला आणि 1977 मध्ये पांढऱ्या पेशींच्या प्रयोगांतून त्याला आधार दिला. पुढची चाळीस वर्षे वाद चालला. निकारागुआतील मुलांच्या दीर्घ अभ्यासातून 2017 मध्ये दिसले की प्रतिपिंडे फार कमी असली किंवा भरपूर असली तर धोका नाही, पण मधल्या एका पट्ट्यात असली तर गंभीर डेंग्यूचा धोका सुमारे साडेसात पटींनी वाढतो. त्याच सुमारास फिलिपिन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना दिलेल्या डेंगव्हॅक्सिया लसीबाबत, आधी डेंग्यू न झालेल्यांना पुढे गंभीर आजाराचा धोका वाढतो, असे उत्पादकानेच नोव्हेंबर 2017 मध्ये जाहीर केले. पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका ग्राहीचा प्रश्न लाखो पालकांच्या झोपेचा प्रश्न झाला. यात पेशीची घडण विषाणू बदलत नाही, पेशीची आहे ती घडणच त्याच्या उपयोगी पडते.

झिकाची गोष्ट पुण्याच्या माणसाला आता परकी राहिलेली नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला आणि 2024 च्या पावसाळ्यात पुणे शहरात रुग्ण वाढले, त्यांत अनेक गर्भवती होत्या. हा विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो कसा, याच्या उत्तरात मोनोसाइटची घडण येते. 2019 साली फ्रान्समधील मोंपेलिये येथील गटाने दाखवले की झिका झालेल्या मोनोसाइट रक्तवाहिनीच्या अस्तराला अधिक घट्ट चिकटतात, तिथे सपाट पसरतात, चिकटून धरणारे बिंदू वाढवतात आणि अस्तर ओलांडून पलीकडे जातात. विषाणू सुटा असताना जेवढा पसरतो त्यापेक्षा या पेशींतून मेंदूच्या ऊतीत अधिक पसरला. इथे बदललेल्या आकाराचा परिणाम सरळ दिसतो. पेशी पसरली म्हणून चिकटली, आणि चिकटली म्हणून ओलांडू शकली.

वारेतल्या हॉफबॉअर पेशी या बाळाच्या बाजूच्या महाभक्षक पेशी. झिका त्यांच्यात वाढतो पण त्यांना फारसे मारत नाही, हे 2016 मध्ये कळले. झिका झालेल्या मातांच्या वारेत त्यांची संख्या फुगलेली आढळली आहे. मारून टाकणारा विषाणू लवकर उघडा पडतो. जिवंत पेशीत टिकून राहणारा सापडायला कठीण, आणि गर्भवतीच्या बाबतीत चिंतेची गोष्ट तीच आहे.

मेंदूत मायक्रोग्लिया असतात, तिथल्या निवासी भक्षक पेशी. शांत असताना त्यांना बारीक, पुष्कळ फाटे फुटलेल्या फांद्या असतात आणि त्या सतत हलत असतात. जपानी मेंदूज्वरात या फांद्या आखडतात, पेशी जाड आणि अमिबासारखी होते, आणि मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत अशा पेशींच्या गाठी सापडतात. हा विषाणू क्युलेक्स डासांतून येतो, भातखाचरांत त्यांची पैदास होते आणि डुकरे त्याला वाढवतात. भारतात तो 1955 पासून वेल्लोरच्या परिसरातून ओळखला गेला, आणि 2005 मध्ये गोरखपूरच्या भागात त्याने शेकडो मुलांचे प्राण घेतले. मायक्रोग्लिया शांत करणारे मिनोसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध उंदरांत गुणकारी ठरले, पुढे उत्तर प्रदेशात मेंदूज्वराच्या रुग्णांवर त्याची चाचणीही झाली, पण मृत्युदरात संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक दिसला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत आकसलेल्या त्या फांद्यांनी जे करायचे ते बऱ्याच अंशी करून झालेले असते.

काय करून झालेले असते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा वेस्ट नाईलच्या अभ्यासातून आला. त्यातून बरे झालेल्या अनेकांची स्मृती पुढे अधू राहते, चेतापेशी शाबूत असल्या तरी. 2016 साली उंदरांत दिसले की मायक्रोग्लिया पूरक प्रथिनांची खूण पाहून चेतापेशींमधले सांधे गिळतात. पूरक प्रथिन सी3 नसलेल्या किंवा मायक्रोग्लिया कमी असलेल्या उंदरांचे सांधे वाचले. विषाणू निघून गेला, पण ज्यांनी त्याला हुसकावले त्या पेशींच्या बदललेल्या रूपाने मेंदूची जोडणी कमी झाली. पहिला, दुसरा की तिसरा प्रकार, असे इथे विचारले तर उत्तर सोपे नाही, आणि म्हणूनच हे संशोधन मला परत परत वाचावेसे वाटते.

चिकुनगुन्याशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. 1963 मध्ये कोलकात्यात, मग 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथ आली, आणि त्यानंतर तीन दशके हा विषाणू देशातून जणू नाहीसा झाला. 2005-06 मध्ये परतला तो आफ्रिकेतल्या वेगळ्या वंशाचा, आणि 2006 या एका वर्षात देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. त्या साथीत ज्यांचे घोटे, मनगटे महिनोन्महिने धरले ते लोक आजही गावोगावी भेटतात. ताप चार दिवसांचा, दुखणे दोन वर्षांचे, हे कसे? 2010 साली माकडांवर झालेल्या अभ्यासात विषाणू आजारानंतर बराच काळ महाभक्षक पेशींत टिकलेला सापडला. त्याच वर्षी रेयुनियन बेटावरच्या एका रुग्णाच्या सांध्यातल्या अशा पेशींत, आजारानंतर 18 महिन्यांनी, विषाणूच्या खुणा मिळाल्या. एकाच रुग्णावरून सर्वांबद्दल बोलता येत नाही, हे खरे. पण माकडांतला पुरावा त्याच दिशेला बोट दाखवतो. विषाणू या पेशींत शिरतो कसा, याचीही एक वाट सापडली आहे. मरणाऱ्या पेशीचे फुगे तुटून सुटतात, त्यांत तो दडलेला असतो, आणि सफाईसाठी आलेली महाभक्षक पेशी त्यालाही गिळते. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या मार्गारेट किलियन यांच्या गटाने आणखी एक वाट दाखवली : संसर्गित पेशी लांब फांद्या काढून शेजारणीला भिडतात आणि विषाणू त्या सांध्यातून पलीकडे जातो, जिथे प्रतिपिंडांना पोहोचणे अवघड.

चिकुनगुन्या एकेका पेशीवरच थांबत नाही. 2018 साली कोलोरॅडोत उंदरांवर दिसले की त्याचा जहाल वाण लसिका ग्रंथीचीच मांडणी विस्कटतो. रक्तातून लिम्फोसाइट आत येण्याच्या वाहिन्या नीट काम करत नाहीत, बी आणि टी पेशींच्या वस्त्या सरमिसळ होतात आणि प्रतिपिंडांचा प्रतिसाद कमकुवत होतो. सौम्य केलेला वाण असे करत नाही. 1937 साली मॅक्स थायलर यांनी तयार केलेली पीतज्वराची 17डी लस आठवते ती इथे. तोही जिवंत फ्लेविव्हायरसच, तोही डेंड्रिटिक पेशींना जागे करतो, पण व्यवस्था मोडत नाही, आणि एका टोचणीने दीर्घकाळ संरक्षण देतो.

गंभीर डेंग्यूतल्या आणखी दोन-तीन बदलांचा उल्लेख करायलाच हवा. न्यूट्रोफिल आपला डीएनए बाहेर फेकून जाळी करतात. जिवाणूंसाठी हा सापळा 2004 मध्ये ओळखला गेला. डेंग्यूत त्याला चेतवण्यात प्लेटलेटचा हात असतो आणि रक्तवाहिन्यांना त्याचा त्रास होतो, हे तैवानमधील संशोधनातून 2019 मध्ये पुढे आले. प्लेटलेट स्वतःही चकतीसारख्या राहत नाहीत. त्यांना टोके फुटतात, त्या मोनोसाइटना चिकटतात आणि त्यांच्याकडून दाहक रसायने सोडवून घेतात. आणि काही रुग्णांच्या अस्थिमज्जेत महाभक्षक पेशी आपल्याच रक्तपेशी गिळताना दिसतात. रक्तातले फेरिटिन हे प्रथिन अफाट वाढते, ताप उतरत नाही. आपल्याकडच्या डॉक्टरांना ही गुंतागुंत आता चांगली ओळखीची आहे. वेळेत ओळखली तर रुग्ण वाचतो, म्हणून ताप लांबला तर फक्त प्लेटलेट मोजत बसू नये.

मग या रचनेच्या ज्ञानाचा औषधाला उपयोग काय? इथे एक खरे, ठोस उदाहरण आहे. 2021 साली बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठ आणि जॅन्सेन कंपनी यांनी जेएनजे-ए07 हा रेणू प्रसिद्ध केला. डेंग्यूच्या चारही उपप्रकारांवर तो अगदी अल्प मात्रेत चालला. तो एनएस3 आणि एनएस4बी या दोन प्रथिनांची जुळणी अडवतो. नंतर, 2024 मध्ये, बार्टेनश्लागर यांच्या गटाने त्याचा परिणाम पेशीच्या आत पाहिला. हा रेणू असला तर आंतर्द्रव्यजालिकेवरचे ते 90 नॅनोमीटरचे खिसे तयारच होत नाहीत. 2009 च्या चित्रांत जे निव्वळ कुतूहल होते ते पंधरा वर्षांनी औषधाचे लक्ष्य ठरले. त्याच घराण्यातल्या मॉस्नोडेनव्हिर या गोळीची मानवी चाचणीही झाली. निरोगी स्वयंसेवकांना डेंग्यूचा सौम्य वाण मुद्दाम देऊन पाहिले, तेव्हा जास्त मात्रा घेतलेल्यांत विषाणू कमी आढळला. मग ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनीने संसर्गजन्य रोगांवरील संशोधनाची फेरआखणी करताना या गोळीची पुढची चाचणी थांबवली. सुरक्षिततेची अडचण नव्हती. 2024 हेच वर्ष जगात डेंग्यूच्या विक्रमी नोंदीचे होते, 1 कोटी 40 लाखांहून अधिक रुग्णांचे. डेंग्यू होणाऱ्या बहुतेक देशांकडे महागडे औषध विकत घेण्याची ऐपत नाही, हा मुद्दा अशा निर्णयांच्या पाठीमागे नेहमी असतो, आणि तो मला अस्वस्थ करतो.

औषध कंपनीवर विसंबून चालणार नसेल तर हे काम सरकारी संस्थांना करावे लागेल. त्यासाठी पुण्याइतकी योग्य जागा देशात क्वचित असेल. 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने इथे विषाणू संशोधन केंद्र काढले, तेच 1978 पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. बार्शीच्या साथीपासून बेलसरपर्यंतचा विषाणूंचा इतिहास तिला ठाऊक आहे. त्याच शहरात पेशी विज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि पावसाळ्यात डेंग्यूने भरलेली ससूनसारखी रुग्णालये आहेत. करायचे आहे ते नेमके आहे : तापाच्या दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या दिवशी त्याच रुग्णाच्या रक्तातून मोनोसाइट आणि बी पेशी वेगळ्या काढायच्या, ज्यांत विषाणू आहे त्या आणि ज्यांत नाही त्या वेगवेगळ्या मोजायच्या, आणि त्यांच्या तंतुकणिका व आंतर्द्रव्यजालिका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. पहिल्यांदा डेंग्यू झालेल्या आणि दुसऱ्यांदा झालेल्या रुग्णांचे गट सुरुवातीपासून अलग ठेवायचे. एनएस4बीला अडवणारा रेणू त्या पेशींवर टाकून पाहायचा, आणि तो कोणत्या दिवसापर्यंत दिला तर उपयोग होतो हे ठरवायचे. कारण आपल्याकडे रुग्ण सहसा तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरकडे जातो, आणि कोणत्याही गोळीला त्या दिवसापासूनच कामाला लागावे लागणार आहे.